बंपर फुटला, क्लेम करायचा की खिशातून भरायचे?

मोठ्या अपघातानंतर गाडीच्या दुरुस्तीचा निर्णय बहुधा आपल्या हातात उरत नाही. गाडी उचलून न्यावी लागते, विमा कंपनीला कळवावेच लागते आणि पुढचे सगळे वर्कशॉप व सर्व्हेयर, म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस, ठरवतात. खरा घोळ होतो तो किरकोळ धडकेनंतर, कारण गाडी चालू असते, कोणाला खरचटलेलेही नसते आणि त्यामुळे प्रत्येक पर्याय उघडा असतो: समोरच्याकडून जागेवर पैसे घ्यायचे, विम्याचा क्लेम करायचा, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यायची, ओळखीच्या डेंटरकडे न्यायची किंवा काहीच न करता तशीच फिरवायची. माझ्या गाडीच्या बाबतीत उन्हाळ्यात हे सगळे पर्याय एकाच वेळी समोर आले आणि घरातील प्रत्येकाने त्यांपैकी एकेक उचलून धरला, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन मी जो हिशेब मांडला तो येथे सविस्तर लिहीत आहे.

घटना साधी होती. सावद्याजवळ, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गालगत, केळीच्या वजनकाट्यापाशी माझी गाडी बाजूला उभी होती आणि केळीचे घड भरलेली एक पिकअप मागे येता येता तिच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यावर येऊन टेकली. बंपर कोपऱ्यात फाटला, डाव्या हेडलाइटची काच शाबूत राहिली पण तिला धरून ठेवणारे प्लास्टिकचे कान तुटले, आणि डावा फेंडर चाकाच्या वरच्या बाजूस चेपला. पिकअपचा चालक भला माणूस होता. त्याने चूक कबूल केली आणि लगेच खिशातून दोन हजार रुपये काढले. काट्यावर जमलेल्या मंडळींचेही मत पडले की ताई, घ्या आणि विषय मिटवा. खान्देशात अशा प्रसंगी दोन मिनिटांत कोणीतरी दोघांच्याही ओळखीचे निघते, आणि मग पैशांचा प्रश्न नात्याचा होऊन बसतो.

ते दोन हजार मी त्या वेळी घेतले नाहीत, आणि त्यामागे त्याच्यावरचा राग नव्हता. बंपर उतरवून आत पाहिल्याशिवाय नुकसान किती झाले हे कोणालाच सांगता येत नाही. बाहेरून दिसतो तो बंपर म्हणजे केवळ प्लास्टिकचे कव्हर असते. त्याच्यामागे धडक झेलणारी पट्टी असते, तिच्यामागे रेडिएटर धरून ठेवणारी चौकट आणि तिला लागूनच एसीचा कंडेन्सर असतो. प्लास्टिक दाबले जाऊन परत मूळ आकारात येते, त्यामुळे बाहेर छोटीशी चीर आणि आत वाकलेली चौकट असे सहज घडू शकते. जागेवर पैसे घेऊन ‘आता काही घेणे-देणे नाही’ असे लिहून दिले असते, तर नंतर आतले नुकसान निघाल्यावर त्याच्याकडे मागायला तोंड राहिले नसते. शिवाय असे लिहून दिल्यावर स्वतःच्या विम्याचा क्लेम करणेही अडचणीचे ठरते, कारण आपल्याला भरपाई दिल्यानंतर ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याच्याकडून ती वसूल करण्याचा विमा कंपनीचा हक्क आपणच आधी सोडून दिलेला असतो. म्हणून मी दोन्ही गाड्यांचे नंबरसह फोटो काढले, त्याच्या परवान्याचा आणि गाडीच्या आरसीचा फोटो घेतला, फोन नंबर घेतला आणि अंदाजपत्रक आल्यावर बोलू असे सांगितले. काट्यावरील एका वयस्कर आण्णांनी मध्यस्थी पत्करली, ही त्यातील सर्वांत भक्कम हमी होती.

पिकअपच्या विम्यातून भरपाई मागण्याचा मार्ग कागदोपत्री उपलब्ध असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केलेला आहे आणि त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसानही येते. पण हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. त्यासाठी पोलिसांतील नोंद, कागदपत्रे आणि वकील लागतो. जीवितहानी किंवा गंभीर दुखापत असेल तेव्हा हा मार्ग धरलाच पाहिजे. फाटलेल्या बंपरसाठी त्यात पडणे म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला. त्यामुळे प्रत्यक्षात प्रश्न उरला तो माझाच विमा वापरायचा की नाही, एवढाच.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बंपर उतरवून पाहिल्यावर निदान तेवढा दिलासा मिळाला की आतली पट्टी सरळ होती, रेडिएटरची चौकट जागेवर होती आणि कंडेन्सरला धक्का लागलेला नव्हता. ही शेवटची गोष्ट मी दोनदा विचारून घेतली, कारण भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात असताना एसीतला गॅस गळू लागला तर बंपरची चीर कोणाला आठवणारही नाही. अंदाजपत्रक असे होते: नवा बंपर ३,२०० रुपये, हेडलाइटचा पूर्ण संच ५,४००, ब्रॅकेट व क्लिपा ७००, बंपर आणि फेंडर या दोन भागांचे रंगकाम ६,०००, आणि डेंटिंग व मजुरी १,९००, एकूण १७,२०० रुपये, कर धरून.

समोर बसलेला सल्लागार लगेच म्हणाला, “ताई, क्लेम टाका, तुम्हाला काहीच भरावे लागणार नाही.” हे वाक्य वर्कशॉपमध्ये सर्रास ऐकू येते आणि ते पॉलिसी पाहिल्याशिवाय उच्चारले जाते. माझी गाडी सहा वर्षे ओलांडलेली आहे, त्यामुळे पॉलिसीत झिरो डेप्रिसिएशनची जोड (जादा संरक्षण) नाही; म्हणजेच प्रत्येक बदललेल्या भागावर घसारा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, कापला जातो. प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर हा घसारा गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के असतो. पत्र्याच्या भागांवर तो वयाप्रमाणे वाढत जातो आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीसाठी ४० टक्के होतो. काचेवर घसारा नाही, पण हल्लीच्या हेडलाइटला आपण काच म्हणत असलो तरी ती प्लास्टिकची असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. रंगकामात केवळ साहित्याच्या किमतीवर ५० टक्के कापतात आणि बिल एकत्रित असेल तर साहित्य हे एकूण रंगकामाच्या २५ टक्के धरतात. मजुरीवर घसारा नसतो. याशिवाय १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये मालकाने सोसायचे असतात. त्याहून मोठ्या इंजिनाला २,०००.

हा नियम माझ्या अंदाजपत्रकाला लावला तर बंपरचे १,६००, हेडलाइटचे २,७०० आणि क्लिपांचे ३५० असे भागांवर ४,६५० रुपये कापले जातात. रंगकामात ६,००० चे २५ टक्के म्हणजे १,५०० आणि त्याचे निम्मे ७५०. आणि वर अनिवार्य १,०००. म्हणजे ‘काहीच भरावे लागणार नाही’ असे ज्याला म्हटले जात होते त्यात मला ६,४०० रुपये भरायचे होते आणि विमा कंपनीने १०,८०० द्यायचे होते. तरीही दहा हजार आठशे सोडून द्यावेत असे कोणालाही वाटणार नाही, आणि माझे दीर येथपर्यंत येऊन थांबले होते. त्यांच्या मते प्रीमियम इतकी वर्षे भरला तो कशासाठी?

त्या प्रश्नाचे उत्तर नो क्लेम बोनसमध्ये आहे. पॉलिसीच्या कागदावर प्रीमियमचे दोन हिस्से छापलेले असतात: थर्ड पार्टीचा आणि ‘ओन डॅमेज’चा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीचा. बोनसची सवलत केवळ या दुसऱ्या हिश्श्यावर मिळते. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग क्रमाने २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. एक क्लेम केला की, बोनस वाचवणारी वेगळी जोड घेतलेली नसल्यास, ही शिडी पुन्हा तळापासून चढावी लागते. लोक पुढच्या एका वर्षाचे नुकसान मोजतात आणि तेथेच फसतात, कारण वरच्या पायरीवर परत पोचेपर्यंत दरवर्षी थोडे थोडे जादा भरत राहावे लागते.

माझ्या पॉलिसीत सवलतीपूर्वीचा ओन डॅमेज प्रीमियम साधारण ६,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के, म्हणून मी ३,००० भरते. क्लेम केला असता तर पहिल्या वर्षी ६,०००, दुसऱ्या वर्षी ४,८००, मग ४,५००, ३,९०० आणि ३,३०० असे भरून सहाव्या वर्षी ३,००० वर आले असते. दरवर्षीचा फरक मिळवला तर तो ३,०००, १,८००, १,५००, ९०० आणि ३०० मिळून ७,५०० रुपये होतो. प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटी धरला तर ८,८५०. गाडी जुनी होईल तसा मूळ प्रीमियम थोडा उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी येईल, पण निर्णयासाठी एवढा अंदाज पुरेसा आहे. थोडक्यात, ज्याचा बोनस ५० टक्क्यांवर पोचला आहे त्याला एका क्लेमची छुपी किंमत सवलतीपूर्वीच्या ओन डॅमेज प्रीमियमच्या सव्वापट पडते. हेच गणित २० टक्के बोनस असलेल्याचे केले तर ती ०.८ पट येते, आणि म्हणूनच नव्या गाडीवाल्याला परवडणारा क्लेम जुन्या गाडीवाल्याला परवडत नाही.

आता दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या: क्लेमच्या वाटेने ६,४०० अधिक ८,८५० म्हणजे १५,२५० रुपये, आणि विमा न वापरता त्याच वर्कशॉपमध्ये १७,२००. फरक दोन हजारांच्याही आत. तेवढ्यासाठी सर्व्हेयरची वाट पाहणे, गाडी अडकवून ठेवणे आणि पुढच्या वर्षी खरोखर मोठे काही झाले तर बोनसशिवाय उभे राहणे मला पटले नाही. झिरो डेप्रिसिएशनची जोड असती तर मात्र निर्णय उलटा झाला असता: तेव्हा मला केवळ १,००० भरावे लागले असते आणि छुपी किंमत धरूनही एकूण ९,८५० मध्ये नवा बंपर मिळाला असता. त्यामुळे ‘छोट्या नुकसानीचा क्लेम कधीच करू नये’ हा सल्ला मला तितकाच आळशी वाटतो, जितका ‘विमा आहे तर वापरा’ हा.

आणखी एक गोष्ट मनात होती. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. ही गाडी विकून नवी घेतली तर तोच ५० टक्के बोनस नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमला लावता येतो, आणि नव्या गाडीचा हा प्रीमियम जुन्या गाडीच्या कितीतरी पट असतो. दोनेक वर्षांत गाडी बदलण्याचा विचार असणाऱ्याने सव्वापटीचे गणित नव्या गाडीचा प्रीमियम धरून करावे. मात्र पॉलिसी संपल्यानंतर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर हा बोनस आपोआप बुडतो.

या सगळ्यात एक सल्ला असाही मिळाला की मागच्या दारावर गेल्या वर्षीचा ओरखडा आहेच, तर तोही याच क्लेममध्ये बसवून घ्या. एजंट आणि गॅरेजवाले हे अगदी सहज सुचवतात आणि ‘डाग साठवून वर्षअखेरीस एकदाच क्लेम’ ही पद्धत कित्येक घरांत हुशारी मानली जाते. वस्तुतः प्रत्येक अपघात हा वेगळा क्लेम असतो आणि त्याला वेगळी अनिवार्य कपात लागते. पुढच्या डाव्या कोपऱ्यावर टेकलेल्या पिकअपने मागचे दार कसे खरचटले, हे अनुभवी सर्व्हेयर एका नजरेत विचारतो. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर खरे नुकसानही नाकारले जाऊ शकते. हा सल्ला मी ऐकून सोडून दिला.

विमा बाजूला ठेवल्यावर कंपनीच्या वर्कशॉपला बांधून राहण्याचे कारण उरले नाही, आणि मी गाडी जळगावला एका जुन्या ओळखीच्या डेंटरकडे नेली. येथे प्रत्येक भागाचा वेगळा निर्णय घेणे सर्वांत महत्त्वाचे ठरले. बंपरचे प्लास्टिक गरम करून जोडता येते. चीर कोपऱ्यात असेल, बसवण्याच्या खाचा शाबूत असतील आणि मागची पट्टी सरळ असेल, तर जोडलेला बंपर नव्यासारखाच काम देतो. हेडलाइटच्या बाबतीत मी तडजोड केली नाही. तुटलेले कान चिकटवून तो बसवता आला असता, आणि बाजारात निम्म्या किमतीत लोकल संचही मिळतो, पण दिव्याचा झोत किंचित वर गेला तरी समोरच्याच्या डोळ्यांवर येतो आणि खाली गेला तर आपल्याला रस्ता दिसत नाही. रात्री सुरत-नागपूर महामार्गावर, मागे दिवा नसलेल्या कपाशीच्या ट्रॉल्यांच्या मागून ज्याने गाडी चालवली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कंपनीचाच संच घेतला, खोक्यावरची छापील किंमत पाहिली आणि जीएसटीचे बिल मागून घेतले. सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे कोणी जुना २८ टक्क्यांचा दर लावत असेल तर तेही बिलात दिसते.

फेंडर बदलण्याची गरज नव्हती. डेंटरने आतून ठोकून पत्रा जवळजवळ मूळ आकारात आणला आणि वर लांबीचा (पुट्टीचा) पातळ थर दिला. येथे एक गोष्ट ठामपणे सांगावी लागते: पत्रा नीट न काढता खड्डा लांबीने भरून वरून रंग मारणे सोपे असते, ते त्या दिवशी सुंदर दिसते आणि उन्हा-पावसात वर्ष-दोन वर्षांत तडकते. म्हणून लांबी लावण्यापूर्वी पत्रा एकदा दाखवा, असे मी आधीच सांगून ठेवले होते, आणि त्यांनीही वाईट वाटून न घेता फोटो पाठवला.

रंगाबाबत डेंटरने जे सांगितले ते माझ्यासाठी नवे होते. मे महिन्याच्या दुपारी थिनर इतक्या झपाट्याने उडते की रंग पसरून गुळगुळीत होण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत येतो. म्हणून ते या दिवसांत हळू उडणारे थिनर वापरतात आणि शक्यतो सकाळी, वारा उठण्यापूर्वी रंग मारतात. पावसाळ्यात उलट अडचण येते, हवेतील ओलाव्याने रंगावर पांढुरकी झाक धरते. माझी गाडी पांढरी असल्याने काम सोपे असेल असा माझा समज होता, पण सहा वर्षांच्या उन्हाने पांढरा रंगही किंचित पिवळसर होतो, आणि कंपनीच्या कोडचा ताजा रंग शेजारच्या दारापुढे ठिगळासारखा दिसतो. त्यांनी पेट्रोलच्या झाकणाशी रंग जुळवून मगच मिसळला.

बंपर जोडणे व रंगवणे ३,०००, हेडलाइट ५,४००, ब्रॅकेट-क्लिपा ७००, फेंडरचे डेंटिंग-पेंटिंग २,६००. एकूण ११,७०० रुपये झाले. क्लेमच्या वाटेपेक्षा साडेतीन हजारांनी कमी. पिकअपच्या मालकाला बिलाचे फोटो पाठवले, आण्णांनी दोघांशी बोलून घेतले, आणि मालकाने ४,००० रुपये दिले. पूर्ण रक्कम मागण्याचा मला हक्क होता, पण त्याच रस्त्याने केळी वाहून पोट भरणाऱ्या माणसाकडून तेवढी वसूल करण्याची माझी तयारी नव्हती, आणि विमा वापरलेला नसल्याने एकाच नुकसानीचे पैसे दोन ठिकाणांहून घेतल्याचा प्रश्नही नव्हता.

मागच्या दारावरचा ओरखडा मात्र तसाच आहे. डेंटरने तोही हातासरशी करून देतो म्हटले होते, पण जुनी गाडी घेणारे हल्ली रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र घेऊन येतात आणि ज्या भागावर जाडी जास्त दिसते तेथे अपघात झाला होता असे धरून भाव पाडतात. पत्रा उघडा पडलेला नाही, गंज चढण्याची भीती नाही. मूळ रंगावरचा ओरखडा डोळ्यांना दिसतो तेवढाच असतो, रंगवलेल्या दाराबद्दल मात्र घेणारा हवी ती शंका घेऊ शकतो. डाव्या फेंडरचे बिल आणि डेंटरने पाठवलेला पत्र्याचा फोटो याच कारणाने गाडीच्या कागदपत्रांत ठेवले आहेत.